४ × १०८ वरून ४ × १००: किट कारच्या हबची छिद्रे बदलून देणाऱ्या एका वर्कशॉपचे परीक्षण

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातील एका लहान मशीन शॉपकडून मी माझ्या किट कारच्या चारही हबवरील बोल्टची रचना बदलून घेतली, त्या कामाचे हे परीक्षण आहे. वर्कशॉप दोन माणसांचे आहे आणि जाहिरात करत नाही, त्यामुळे नाव देत नाही. शिवाय नावापेक्षा त्यांची काम करण्याची पद्धत सांगण्यासारखी आहे, कारण हब, म्हणजे ज्यावर चाक आवळले जाते तो फिरता मधला भाग, ही गाडीतील अशी वस्तू आहे की तिच्यावरचे काम चांगले झाले की वाईट, हे वरून पाहून कुणालाही कळत नाही.

गाडीची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. किट कार म्हणजे सांगाडा, बॉडी आणि काही खास भाग एका कंपनीकडून घ्यायचे आणि इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, हब, ब्रेक असे भाग एखाद्या जुन्या गाडीतून काढून घरच्या गॅरेजमध्ये जोडायची गाडी. ब्रिटनमध्ये १९५७ च्या लोटस सेव्हन या छोट्या स्पोर्ट्स कारने हा प्रकार लोकप्रिय केला. सुट्या भागांच्या स्वरूपात विकलेल्या गाडीवर त्या काळी पर्चेस टॅक्स लागत नसे, हे त्यामागचे व्यवहारी कारण होते. १९७३ मध्ये त्या कराची जागा व्हॅटने घेतली आणि सवलत संपली, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. परंतु त्या वळणाच्या गाड्या अनेक छोट्या कंपन्या पुढेही बनवत राहिल्या. माझी गाडी त्यांपैकीच एक असून नव्वदच्या दशकात आधीच्या मालकाने ती फोर्ड सिएराच्या भागांवर उभी केली. सिएरा मागच्या चाकांवर चालणारी, मागे स्वतंत्र सस्पेन्शन असलेली आणि भंगारात मुबलक मिळणारी गाडी असल्यामुळे त्या काळातील कितीतरी किट कारच्या पोटात तिचेच अवयव आहेत.

सिएराच्या हबवर चार स्टड (ज्यांवर चाकाचे नट आवळतात ते आट्यांचे दांडे) १०८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसलेले असतात. स्टडच्या केंद्रांमधून जाणाऱ्या या कल्पित वर्तुळाच्या व्यासालाच पीसीडी म्हणतात. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या केंद्रांमधील अंतर हाच पीसीडी असतो. पाच असतील तर शेजारच्या दोन स्टडच्या केंद्रांमधील अंतराला १.७०१ ने गुणावे लागते. १०८ चा आकडा फोर्डपुरता नाही. प्यूजो आणि जुन्या ऑडीचाही तोच आहे, मात्र मधल्या उंचवट्याचा, म्हणजे स्पिगॉटचा, व्यास फोर्डचा ६३.४, प्यूजोचा ६५.१ आणि ऑडीचा ५७.१ मिलिमीटर असल्यामुळे छिद्रे जुळूनही चाक बसेलच असे नाही. लेखात पुढे येणारा मुख्य मुद्दा याच दुसऱ्या आकड्याशी संबंधित आहे.

मला ४ × १००, म्हणजे चार स्टड आणि १०० चा पीसीडी, हवे होते, कारण १५ इंची हलकी चाके आणि वापरलेल्या रिम त्याच मापात सर्वाधिक मिळतात. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्या, होंडा सिव्हिक, रेनॉ क्लिओ, नव्या काळातील मिनी, व्हॉक्सहॉल कोर्सा अशा अनेक गाड्यांनी हे माप वापरले आहे. आपल्याकडची स्विफ्टही ४ × १०० चीच असून तिचे सेंटर बोर (चाकाच्या मधल्या छिद्राचा व्यास) एमएक्स-५ प्रमाणे ५४.१ मिलिमीटर आहे. माझ्या गाडीत तर पुढे ४ × १०८ ची आणि मागे ४ × १०० ची चाके होती. मागच्या मडगार्डची रुंदी भरून काढण्यासाठी आधीच्या मालकाने मागच्या हबवर ॲल्युमिनियमचे ॲडॉप्टर चढवले होते. पुढची आणि मागची चाके एकमेकांच्या जागी बसत नसल्यामुळे टायरची झीज सारखी राखणे अशक्य झाले होते.

या कामासाठी बाजारात जे उपाय मिळतात त्यांतील पहिला म्हणजे दोन्ही मापांची छिद्रे असलेले, आठ छिद्रांचे अलॉय. हबला हात न लावता प्रश्न सुटतो, आणि ज्याला फक्त गाडी चालवायची आहे त्याने हाच मार्ग घ्यावा असे माझे प्रामाणिक मत आहे. मला तो नको होता, कारण अशा रिम बहुधा जड असतात आणि सहाशे किलोच्या आसपासच्या गाडीत चाकाचे वजन स्टिअरिंगवर जाणवते. दुसरा उपाय वॉबल बोल्टचा, ज्यात बोल्टच्या डोक्याखालची कडी थोडी सरकू शकते. फियाटचे ९८ आणि इतरांचे १०० असा दोन मिलिमीटरचा फरक असेल तिथे तो चालतो; येथे फरक आठ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक स्टडमागे चार मिलिमीटरचा आहे, त्यामुळे तो बादच होता.

तिसरा उपाय ॲडॉप्टरचा, आणि तो माझ्या गाडीवर असल्यामुळे त्याची तुलना मला जवळून करता आली. ॲडॉप्टर म्हणजे हबवर बसणारी जाड चकती; तिच्यातील एका रचनेच्या छिद्रांतून ती हबला आवळली जाते आणि दुसऱ्या रचनेवर तिचे स्वतःचे स्टड असतात. १०० आणि १०८ ही वर्तुळे इतकी जवळ आहेत की दोन्ही रचना एकमेकींपासून ४५ अंशांनी फिरवाव्याच लागतात. हबवरचे नट चकतीच्या आतच बुडाले पाहिजेत, त्यामुळे जाडी साधारण २० मिलिमीटरच्या खाली जाऊ शकत नाही. याचा अर्थ दोन्ही बाजू धरून चाकांमधील अंतर ४० मिलिमीटरने वाढते, आणि ३५ ऑफसेटची (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा तिचा पृष्ठभाग ३५ मिलिमीटर बाहेर असलेली) रिम १५ ऑफसेटच्या रिमप्रमाणे वागू लागते. मागच्या चाकांना हे खपून जाते. पुढे मात्र स्क्रब रेडियस, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष आणि टायरचा मध्य यांमधील जमिनीवरचे अंतर, वाढतो, खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंग हाताला हिसका देते आणि बेअरिंगवरचा वाकवणारा भार वाढतो. सिएराचे हब हजार किलोंहून जड गाडीसाठी बनलेले असल्यामुळे हलक्या किट कारमध्ये बेअरिंगची चिंता फारशी नसते, ही बाब ॲडॉप्टरच्या बाजूने मान्य केली पाहिजे. स्टडसह प्रत्येक चकतीचे वजन किलोभराच्या आसपास जाते, ही विरोधातील बाब आहे.

माझ्या गाडीवरील चकत्यांचा खरा दोष जाडीचा नव्हता. त्यांचे मधले छिद्र हबच्या स्पिगॉटपेक्षा मोठे होते, त्यामुळे चकती मध्यावर बसवण्याचे काम केवळ नटांच्या निमुळत्या बैठकीवर सोडलेले होते. मोटरवेच्या वेगात मागून येणारे कंपन चाके बॅलन्स करूनही जात नव्हते; डायल गेज (सूक्ष्म विचलन दाखवणारे मापक) लावल्यावर चकतीचा पृष्ठभाग सरळ आणि मध्य मात्र सरकलेला आढळला. येथे एका रूढ गैरसमजाचा उल्लेख करणे योग्य होईल. गाडीचे वजन स्पिगॉट तोलतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते नटांनी आवळलेल्या दोन पृष्ठभागांमधील घर्षण तोलते. स्पिगॉटचे काम चाक बसवताना ते मध्यावर आणणे एवढेच आहे. म्हणून प्लास्टिकची स्पिगॉट रिंगही पुरेशी ठरते. परंतु मध्य मिळवून देणारे काहीच नसेल, आणि चकती व चाक अशा दोन जोडांमध्ये नसेल, तर दोन्हीकडची चूक एकत्र जमा होते. हबच्या बाजूने ६३.४ चे नेमके छिद्र आणि चाकाच्या बाजूने योग्य मापाचा उंचवटा असलेले चांगले ॲडॉप्टर मिळतात. ते घडीव ॲल्युमिनियम मिश्रधातूचे, म्हणजे ६०८२ किंवा ७०७५ प्रतीचे, आणि १०.९ दर्जाच्या स्टडचे असावेत. ओतीव ॲल्युमिनियमचे स्वस्त नमुने कुणीही गाडीला लावू नयेत.

आता वर्कशॉपकडे वळतो. त्यांचा पहिला गुण असा की त्यांनी किंमत सांगण्याआधी प्रश्न विचारले. नवीन चाकाचे सेंटर बोर किती, ऑफसेट किती, नटाची बैठक ६० अंशांची निमुळती की गोलाकार, पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहे का, डिस्क हबच्या पुढून बसते की मागून, हे सर्व त्यांनी विचारले. नंतर त्यांनी फ्लँजच्या (ज्यात स्टड बसतात त्या हबच्या चकतीच्या) मागच्या बाजूचा, व्हर्नियर धरून काढलेला फोटो मागितला. ज्या ठिकाणी मी आधी चौकशी केली होती तिथे केवळ जुना आणि नवीन पीसीडी विचारून लगेच आकडा सांगण्यात आला होता, त्यामुळे हा फरक ठळकपणे जाणवला.

मागच्या बाजूचा फोटो का, हे समजून घेण्यासारखे आहे. १०८ वरून १०० कडे येताना छिद्रे आत सरकतात, त्यामुळे फ्लँजच्या बाहेरील कडेला धातू कमी पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. १०० वरून १०८ कडे जाणाऱ्याला तोच प्रश्न आधी सोडवावा लागतो. ४५ अंश फिरवल्यावर जुन्या आणि नव्या छिद्रांच्या केंद्रांमध्ये सुमारे ४० मिलिमीटर अंतर राहते, म्हणजे मधला धातूही भरपूर उरतो. अडचण असते ती मागे. स्टड मागून दाबून बसवलेला असतो, आणि त्याचे डोके आता फ्लँज जिथे हबच्या मानेला मिळते त्या गोलाईच्या जवळ येते. डोके सपाट बसावे म्हणून ती गोलाई कटरने खणली, तर ज्या जागी सर्वाधिक ताण येतो नेमक्या तिथेच खाच पडते, आणि फिरत्या भागावरील अशा खाचेतूनच पुढे तडा सुरू होतो. माझ्या पुढच्या हबमध्ये जागा पुरेशी होती. मागच्या हबमध्ये नव्हती. वर्कशॉपने तेथे कटर न चालवता डोक्याची एक बाजू सपाट असलेले स्टड वापरले आणि ती सपाट बाजू मानेकडे ठेवली. काही गाड्यांमध्ये कारखान्यातूनच असे स्टड येतात, त्यामुळे हा जुगाड नव्हे. फ्लँजचा आकार चार पाकळ्यांसारखा असलेले हबही असतात. त्यांत पाकळ्यांच्या मधोमध धातूच नसल्यामुळे असे काम करताच येत नाही, आणि तसे असते तर काम परत पाठवले असते असे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते.

हब पूर्ण सुटे करून द्यायची त्यांची अट होती. ही अट ग्राहकाला त्रासदायक आहे, कारण बेअरिंगमधून हब ओढून काढताना बेअरिंगची आतली कडी अनेकदा त्याच्याबरोबर निघून येते आणि नवीन बेअरिंगचा खर्च वाढतो. तरीही ती रास्त आहे. गाडीवरच हँड ड्रिलने छिद्रे पाडून देणारे लोक आहेत, आणि चाक चारही स्टडवर चढले म्हणजे काम झाले असे ते मानतात. येथे प्रत्येक हब आधी स्वच्छ करून डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो उघड करणाऱ्या रंगीत द्रवाने) तड्यांसाठी तपासण्यात आला, मग मिलिंग मशीनच्या फिरत्या टेबलावर बसवून डायल गेज स्पिगॉटवर टेकवून मध्य साधण्यात आला. फ्लँजच्या बाहेरील कडेवरून मध्य घेणे सोपे असते, परंतु त्या कडेला कारखान्यात अचूक कातकाम झालेले असेलच याची खात्री नसते. छिद्र थोडे लहान पाडून रीमरने मापाला आणले, कारण स्टडच्या मानेवरील दाते धातूत घट्ट रुतले पाहिजेत. ढिल्या छिद्रातला स्टड नट सोडवताना जागच्या जागी फिरू लागतो आणि मग रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेले चाक निघत नाही. कामाबरोबर मिळालेल्या कागदावर प्रत्येक हबची मोजमापे लिहिलेली होती, आणि नव्या छिद्रांच्या वर्तुळाची स्पिगॉटशी तुलना करता विचलन ०.०३ मिलिमीटरच्या आत होते. मी गाडीवर बसवून पुन्हा मोजले, तेव्हा त्यांच्या आकड्यांवर शंका घ्यायला जागा मिळाली नाही.

जुनी छिद्रे त्यांनी उघडीच ठेवली. वेल्डिंगने बुजवून घ्यावीत असा सल्ला काही हौशी मंडळी देतात, परंतु घडीव पोलादाला इतकी उष्णता दिल्यास त्याचे गुणधर्म बदलतात आणि फ्लँज वाकते, म्हणून हा नकार मला पटला. डिस्क आणि ड्रम यांनाही त्याच मांडणीत छिद्रे पाडण्यात आली. शिवाय पुढच्या वेळी डिस्क बदलताना उपयोगी पडावी म्हणून त्यांनी स्पिगॉटवर बसणारी पोलादी जिग, म्हणजे छिद्रांच्या जागा दाखवणारा साचा, बनवून दिली. मूळ कोटेशनमध्ये तिचा उल्लेख नव्हता आणि तिचे वेगळे पैसेही घेतले नाहीत. ज्याने हबची रचना बदलली त्याला दुकानातली डिस्क पुन्हा कधीच जशीच्या तशी बसत नाही, ही या उपायाची कायमची किंमत आहे, आणि जिगमुळे ती सुसह्य होते.

सेंटर बोरबाबत त्यांचा सल्ला सरळ होता. एमएक्स-५ च्या मूळ रिमचे छिद्र ५४.१ चे, त्यामुळे सिएराच्या ६३.४ च्या स्पिगॉटवर त्या चढत नाहीत. स्पिगॉट कातून लहान करता येतो किंवा रिमचे छिद्र मोठे करता येते. दुसरा मार्ग बरा, कारण १०० पीसीडीत स्टडच्या केंद्रापासून ६३.४ च्या छिद्राच्या कडेपर्यंत १८ मिलिमीटर उरतात आणि नटाच्या बैठकीभोवती धातू शिल्लक राहतो. मी मात्र ७३.१ बोरच्या बाजारातील हलक्या रिम घेतल्या आणि ७३.१ ते ६३.४ च्या रिंग बसवल्या. नट बसवताना किमान आठ फेरे बसतात का, हे मोजून घेण्याची सूचना त्यांच्या कागदावर होती. स्टड एम१२ × १.५ चा असल्यामुळे आठ फेरे म्हणजे बारा मिलिमीटर, अर्थात स्टडच्या व्यासाइतकी पकड; डिस्कची जाडी आणि नवीन रिमची जाडी मिळून ती कमी होऊ शकते, म्हणून ही सूचना केवळ औपचारिक नाही.

दोष सांगायचे तर दोन आहेत. हबला गंज लागू नये म्हणून त्यांनी प्रायमरचा थर दिला, पण तो डिस्क आणि चाक टेकतात त्या पृष्ठभागांवरही दिला. दोन आवळलेल्या पृष्ठभागांमधला रंग काही मैलांत दबतो आणि नटाचा ताण तेवढा उतरतो. इतके नेमके काम करणाऱ्यांनी हे करायला नको होते. मला ते पृष्ठभाग खरवडून धातूपर्यंत स्वच्छ करावे लागले. दुसरा दोष वेळेचा. सांगितलेली तारीख पाळली गेली नाही आणि फोन मी केला तेव्हाच ते कळले. दोन माणसांच्या दुकानात हे होते, परंतु गाडी जॅकवर उभी असताना ते सहन करणे कठीण जाते.

रस्त्यावरचा परिणाम समाधानकारक आहे. मागचे कंपन पूर्ण गेले, पुढची चाके मडगार्डच्या मध्यावर आली आणि स्टिअरिंग हलके झाले. पहिल्या ५० मैलांनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले, तेव्हा रंग पूर्ण खरवडलेला असल्यामुळे एकही नट हलला नाही. खर्चाच्या बाजूने चार हब, दोन डिस्क आणि दोन ड्रम यांचे काम अडीचशे पौंडांच्या आत झाले. बेअरिंग आणि स्टड वेगळे. चांगल्या प्रतीचे चार ॲडॉप्टर याच्या आसपास किंवा थोडे कमी पडतात, त्यामुळे पैशांच्या हिशेबाने दोघांत फार अंतर नाही, आणि कधीतरी मूळ रचनेकडे परत जाण्याची मुभा हवी असेल तर ॲडॉप्टरच योग्य ठरतात. ज्याने अजून जुनी गाडी विकत घेतलेलीच नाही, त्याने मात्र सिएराच्या मागे न लागता १९८९ ते २००५ या काळातील एमएक्स-५ घ्यावी. तिचे हब मुळातच ४ × १०० चे आहेत आणि हा सगळा खटाटोप वाचतो. तिसऱ्या पिढीत माझदाने ५ × ११४.३ स्वीकारले, एवढे लक्षात ठेवावे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांपैकी कुणी जीप किंवा जुन्या मारुतीवर हे करून पाहण्याच्या विचारात असेल, तर तांत्रिक भाग तोच लागू पडतो. मारुती ८०० चे माप ४ × ११४.३ आहे, आणि तिथून १०० वर यायचे तर स्टड आत सात मिलिमीटर सरकतात, म्हणजे मागच्या गोलाईचा प्रश्न अधिक तीव्र होतो. कायद्याची बाजू मात्र वेगळी आहे: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणाऱ्या बदलांना आळा घालते, आणि ब्रिटनमधील आयव्हीए (एकेका गाडीला मान्यता देणाऱ्या) चाचणीसारखा घरी बनवलेल्या गाडीसाठीचा सरळ मार्ग तिथे गृहीत धरता येत नाही. ब्रिटनमध्येही विमा कंपनीला बदल कळवावा लागतो. माझ्या कंपनीला मी वर्कशॉपचा मोजमापांचा कागद जोडून पाठवला आणि हप्ता न वाढवता त्यांनी तो नोंदवून घेतला.

पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण रंगासाठी आणि तारखेसाठी मिळून आहे. पुढच्या खेपेला त्यांच्याकडे मागच्या हबची एक जादा जोडी छिद्रे पाडून ठेवायला देणार आहे, आणि प्रायमर कुठे लावायचा नाही ते त्या हबवर खडूने लिहून देणार आहे.